शेळीने खाल्लेला तक्ता

मूल तिसऱ्या वर्षी गिरगटतं, पाचव्या वर्षी डोक्यालाच पाय जोडतं आणि सातव्या वर्षी कागदाच्या तळाशी जमीन आखतं. जगाच्या पाठीवर याला अपवाद नाही. मोलिबेली मास्तरांनी राजधानी मासेरूच्या ट्रेनिंग कॉलेजातून आणलेल्या, मुलांच्या चित्रांच्या तक्त्यावर तसं छापलेलंच होतं. तक्त्याचा खालचा भाग शेळीने खाल्ल्यामुळे नवव्या वर्षानंतर मूल काय करतं, हे मात्र शाळेला कधी कळलं नाही.

सात वर्षांच्या नालेलीने चित्रकलेच्या परीक्षेचा कागद अंगणात नेला, त्याला शेणमाती फासली आणि वरून बोटं ओढली. कागदाचा लगदा झाला.

"हे काय, नालेली?"

"कोरड्यावर कोण काढतं, न्ताते?" वडीलधाऱ्यांना 'न्ताते' म्हणतात त्या अदबीने तिने विचारलं.

मास्तरांनी शेरा लिहिला: 'तीन वर्षांची पायरी. दुसरीत न घालता पुन्हा बालवर्गात बसवावे.' सोमवारी तो मुख्याध्यापिकाबाईंकडे जायचा होता.

पोरगी रडतच घरी गेली. संध्याकाळी तिची आजी मामोलेफी शाळेच्या दारात उभी.

"शनिवारी भिंत लिंपायचीय, मास्तर. या. आणि तो तक्ताही आणा, चुलीला होईल."

मास्तर गेले, तक्ता घरी ठेवून.

तीन-चार वर्षांची पोरं शेणमाती तुडवत होती. पाच-सहा वर्षांची कडेने खडे रोवत होती. कुणी कुणाला काही शिकवत नव्हतं. आजीने ओल्या भिंतीवरून हात फिरवला आणि ती बाजूला झाली. नालेलीने जेवणाचा काटा-चमचा उचलला, टाचा उंचावल्या आणि एका दमात खांद्यापासून हात फिरवला. नांगरटीसारखे चर वळत खाली आले आणि एक चौकोन भरला. शेजारच्या चौकोनात उलटे वळले. मग खाली, मग पुन्हा उलटे. चार चौकोन भेटले तिथे एक फूल उमललं. ते कुणीच काढलेलं नव्हतं.

उन्हं तिरपी झाली तशी भिंतभर शेकडो फुलं सावल्यांसकट उभी राहिली. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मोजलंस कुठे गं?"

"मोजायचं कशाला? हात थांबतो ना तिथे."

"तोंड मिटा, न्ताते," आजी म्हणाली, "माशी जाईल."

रविवारी मास्तरांनी शेरा फाडला आणि दोन पानं नवी लिहिली. 'थोर' हा शब्द चारदा आला; त्यांनी एकही खोडला नाही.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी ती पानं न वाचताच फाईलला लावली. बालवर्गात बाक शिल्लक नव्हता. म्हणून नालेली आधीच दुसरीत गेली होती.