पारड्याखालचे शिसे

मित्रांनो, मी किराणा दुकानातला एक जुना तराजू आहे. मला दोन पारडी आहेत, आणि मधे एक काटा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिले आहे. निदान माझे एक पारडे पालथे धरलेले तरी पाहिलेच असेल. एका वर्षी तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. पाया लोखंडाचा, पारडी पितळेची. शेवटच्या टेबलावर एक म्हातारा कारागीर बसायचा. त्याने माझी दोन्ही पारडी रिकामी सोडली आणि तो काट्याकडे बघत राहिला. काटा हलला, मंदावला, मधोमध उभा राहिला. "जमला," तो म्हणाला. माझे कौतुक तेवढेच झाले. आमच्या कामात त्याहून जास्त कौतुक नसते.

मी ज्या दुकानात आलो ते एका बाईचे होते. सगळे तिला मावशी म्हणायचे. सत्तर वर्षांचे आजोबाही मावशीच म्हणायचे आणि ती त्यांना "काय रे बाबा" म्हणायची. तिचा नवरा तराजू दुरुस्त करायचा. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत त्याचे काम चाले. त्याला लोक मिस्त्री म्हणत.

मावशींची एक सवय होती. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्या आधी माझी पारडी रिकामी सोडायच्या आणि काटा थांबेपर्यंत हात लावायच्या नाहीत.

"मावशी, तराजूला डुलकी लागली वाटतं," कुणी तरी म्हणायचे.

"लागू दे. तुझ्यासारखा ऑफिसात तर नाही ना झोपत?"

मग साखर ओतायच्या. काटा बरोबर आला तरी वर चिमूटभर टाकायच्या. ती चिमूट मी कधी मोजली नाही.

एकदा फळीवरून एक डबा पडला आणि माझे मालाच्या बाजूचे पारडे चेपले. मिस्त्रीने नवे बसवले. नवे पारडे जुन्यापेक्षा अडतीस ग्रॅमने हलके निघाले. मित्रांनो, हे नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे यावर आहे. एक पारडे हलके असेल तर रिकामा काटाही वाकडा राहतो. म्हणून मिस्त्रीने शिसे वितळवले, हलक्या पारड्याच्या खाली अडतीस ग्रॅमचा गोळा बसवला आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. जगात सगळीकडे तराजू असेच दुरुस्त करतात. वजन-मापे खात्याचे निरीक्षक दर वर्षी यायचे, मला तपासायचे आणि त्याच शिशावर ठोकून शिक्का मारायचे. माझ्या शिशावर असे अकरा शिक्के होते.

आता तो व्हिडिओ करणाऱ्या माणसाविषयी सांगतो. तो मागच्या गल्लीत राहायचा. आधी मोबाइलची कव्हरे विकायचा, मग व्हिडिओ करू लागला. हॉटेलातली झुरळे, पेट्रोलपंपावरची भांडणे, झोपलेले पहारेकरी असे काही दाखवायचा. गल्लीत त्याला कॅमेरेवाला म्हणत. त्याचे मावशींशी भांडण नव्हते. लहानपणी त्याने त्यांच्याकडून गोळ्या घेतल्या होत्या. त्या आठवड्यात त्याला दाखवायला काही मिळाले नव्हते, एवढेच.

एका मंगळवारी सकाळी तो अर्धा किलो साखर घ्यायला आला. मावशींनी पारडी रिकामी सोडली. तो फोन धरून उभा होता. काय मनात आले कुणास ठाऊक, त्याने माझे पारडे उचलून पालथे केले.

"मावशी, हे काय आहे?"

"शिसं आहे. मिस्त्रींनी लावलंय, वजन सारखं व्हायला."

"बघा मंडळी," तो फोनला म्हणाला, "मालाच्या पारड्याखाली शिसं! म्हणजे तेवढा माल कमी! आणि स्वतःच्या तोंडानं कबूल करतायत, नवऱ्यानं लावलंय!"

"अरे, अर्धंच काय सांगतोस? काटा बघ ना. रिकामा काटा बघ."

पण त्याने फोन त्यांच्या तोंडाजवळ नेला होता. त्याचा अंगठा नेमका शिक्क्यांवर होता. मुद्दाम होता की नव्हता, मला माहीत नाही.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. रात्रीपर्यंत नऊ लाखांनी. मित्रांनो, त्या व्हिडिओच्या सुरुवातीचे चार सेकंद तुम्ही आजही बघू शकता. पारडी रिकामी आहेत आणि काटा मधोमध, सरळ उभा आहे. त्याने तो भाग कापलासुद्धा नाही, कापायची गरजच पडली नाही. नऊ लाख लोकांनी काटा पाहिला आणि कुणालाही तो दिसला नाही.

शाळेतल्या एक बाई आमच्याकडून नेहमी तांदूळ नेत. त्यांनीही तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिले, "सावध राहा." बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या हातात तेव्हा तपासायच्या वह्या होत्या, आणि पुढे पाठवायला एक बोट पुरते.

बुधवारी सकाळी दुकानापुढे तीसएक माणसे जमली. निम्मी ओळखीची होती. एकाने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि शिसे उचकटले. मावशी म्हणत होत्या, "काढू नका रे, खोटा होईल तो." त्यावर लोक हसले. शिसे निघाले. माझा काटा एका बाजूला कलंडला. त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकांसमोर खोटे वजन दाखवले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आता झाला खरा!" म्हणाले. कलंडलेल्या काट्याबरोबर चार जणांनी फोटो काढला.

संध्याकाळच्या बातम्यांत मावशींचा चेहरा दिसला. कुणी मंत्री बोलत होता, कुणी विरोधी पक्षाचा. विषय महागाईचा होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "सामान्य माणसाला कोण लुटतंय?" आणि बाजूला मावशी, तोंड अर्धवट उघडे, काटा बघ म्हणतानाच्या. आवाज बंद केलेला होता.

ती बातमी बघून मिस्त्री घाबरला. त्याने दुकानाचे शटर ओढले आणि आत येऊन म्हणाला, "अगं, माफी मागून टाक. मी रेकॉर्ड करतो. चार ओळी म्हण नि मोकळी हो."

"कशाची माफी? मी काय केलं?"

"काही नाही केलंस. पण लोक दोन दिवसांत विसरतात."

"तुम्ही लावलंय ना शिसं? मग तुम्ही सांगा की लोकांना, का लावलं ते."

"माझं कोण ऐकणार? म्हणतील, दोघं मिळून लुटत होते. तू बाई माणूस आहेस, हात जोडलेस तर सोडतील."

मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "लावा फोन."

पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, "माझ्याकडून काही चूक झाली असेल तर मला माफ करा."

मिस्त्रीने ते ऐकून पाहिले. "'असेल तर' नको म्हणूस," तो म्हणाला. "लोक आणखी चिडतील. म्हणतील, अजून तोरा आहे."

दुसऱ्या वेळी त्यांचे वाक्य अर्धवट राहिले. तिसऱ्या वेळी त्यांनी फोनकडे बघून हात जोडले आणि सरळ म्हटले, "माझ्याकडून चूक झाली. मला माफ करा."

"बास," मिस्त्री म्हणाला. "आता मिटलं." आणि त्याने स्वतःच्या बोटाने ते पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरीक्षक आले. तक्रारी आल्या म्हणून त्यांना धाडले होते. त्यांनी आपली तपासणीची वजने पेटीतून काढली. मिस्त्रीने त्यांच्यासमोर शिसे परत बसवले. त्यांनी रिकामा काटा पाहिला, मग शंभर ग्रॅम, अर्धा किलो, पाच किलो. प्रत्येक वेळी काटा जागेवर. "एक ग्रॅमचाही फरक नाही," ते म्हणाले आणि त्यांनी तसा कागद लिहून दिला. जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही माफी कशाला मागितलीत? निदान आजच्या दिवस तरी थांबायचं होतं."

मिस्त्रीने त्या कागदाचा फोटोही पाठवला. तो एकशे बारा जणांनी पाहिला. खाली कुणीतरी लिहिले, "निरीक्षकाला किती दिले?" दुसऱ्याने लिहिले, "निर्दोष होती तर माफी का मागितली?" तो प्रश्न वाचून मिस्त्रीने फोन पालथा ठेवला.

माफीचा व्हिडिओ मात्र पहिल्यापेक्षाही लांब गेला. कुणी त्याला ढोलकीची साथ लावली. कुणी मावशींच्या जोडलेल्या हातांचे चित्र केले. उशिरा येणारे मित्र 'सॉरी'ऐवजी एकमेकांना ते पाठवू लागले. ज्यांनी मला कधी पाहिले नव्हते, त्यांनाही आता खात्री होती, कारण चोराने स्वतःच सांगितले होते. दूरच्या एका शहरात लोकांनी एका दुकानदाराचे सगळे तराजू रस्त्यावर आणून फोडले. त्यांतल्या किती जणांच्या पारड्याखाली दुरुस्तीचे शिसे होते, मला माहीत नाही. असणारच.

मावशींनी दुकान उघडे ठेवले. गिऱ्हाईक येत नव्हते. परगावची पोरे यायची, दहा-पंधरा मिनिटे घुटमळायची आणि मग म्हणायची, "मावशी, एकदा तसे हात जोडा ना. फक्त एकदा." त्या मान खाली घालून तांदूळ निवडत राहायच्या. पण एके दिवशी त्यांनी खरेच हात जोडले. चेहऱ्यावर काही नव्हते. पोरे खूश होऊन गेली आणि जाताना बिस्किटाचा पुडाही नेला नाही.

त्यानंतर त्या दिवसभर एकट्याच वजन करू लागल्या. किलोभर तांदूळ घालायच्या, काटा बघायच्या, तांदूळ काढायच्या, पुन्हा घालायच्या. एकदा मिस्त्री जेवायला बोलवायला आला तेव्हा त्यांनी त्याला विचारले, "अहो, मी खरंच कुणाला कमी दिलं असेल का हो?"

"वेडी झालीस का?"

"नाही, इतकी माणसं म्हणतायत. सगळीच कशी चुकतील?"

मिस्त्री आत जाऊन ताटे वाढू लागला. मी माझा काटा मधोमध धरून उभा होतो. याहून जास्त मला काही करता येत नाही.

दहाव्या आठवड्यात एका दुपारी, तांदळात हात असतानाच, मावशी स्टुलावरून खाली कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले. कॅमेरेवाल्याने त्याच संध्याकाळी मेणबत्तीचे चित्र टाकले आणि लिहिले, "चूक मान्य करायला मोठं मन लागतं. मावशी, तुम्ही ते दाखवलंत." त्याखाली चाळीस हजार लोकांनी रडका चेहरा टाकला.

दुकान बंद झाले. भंगारवाल्याने मला घेतले नाही. "हा तोच ना? नको, गिऱ्हाईक नावं ठेवतील," म्हणाला. मी पत्र्याच्या खोलीत पडून राहिलो. मिस्त्रीने काम सोडले होते.

काही महिन्यांनी शाळेतल्या बाई आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मीही पाठवला होता तो." मिस्त्री म्हणाला, "सगळ्यांनीच पाठवला." मग बाईंनी विचारले की तराजू शाळेला द्याल का, आणि मुलांना एकदा स्वतः येऊन दाखवाल का. मिस्त्रीने मला पुसले, गोणपाटात गुंडाळले आणि नेले.

वर्गात मला टेबलावर ठेवताच मुले ओरडली, "चोर तराजू! चोर तराजू!" मागच्या बाकावर एकाने मावशींसारखे हात जोडले. हशा झाला. बाई ओरडल्या तेव्हा थांबला. मिस्त्रीने पारडी रिकामी सोडली. मग शिसे काढून दाखवले, परत लावून दाखवले. मुलांकडून वजने ठेववून घेतली. अर्ध्या तासात सगळ्या वर्गाला कळले. नऊ लाख माणसांना जे कळले नव्हते ते कळायला अर्धा तास पुरला.

"म्हणजे मावशींनी काहीच केलं नव्हतं?" पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. त्याला बरे वाटत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी ऐकले होते.

"मग आजोबा, त्यांनी माफी का मागितली?"

मिस्त्रीने एक वजन उचलले, परत ठेवले. बाईंनी मुलीला खाली बसायची खूण केली, पण ती उभीच राहिली. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"मी सांगितलं म्हणून," मिस्त्री म्हणाला.

"पण तुम्हाला तर खरं माहीत होतं."

"हो."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच खाली बसली.

मित्रांनो, आता मी त्या वर्गाच्या कपाटात असतो. माझ्या पारड्यांवर धूळ बसते, ती पुसा असे मी म्हणणार नाही. मला एवढेच मागायचे आहे. परक्या माणसाबद्दल काही हातात आले तर पाठवू नका, हे तुम्हाला बाई सांगतीलच. पण तुमच्या घरातले एखादे माणूस "मी हे केले नाही" म्हणत असेल, बाहेर सगळे गाव ओरडत असेल आणि तुम्हाला खरे माहीत असेल, तर त्याला मिटवून टाक म्हणू नका. दार उघडून त्याच्या शेजारी उभे राहा. लोक ऐकणार नाहीत, कदाचित तुम्हालाही चोर म्हणतील. म्हणू देत. मावशींनी एवढेच मागितले होते.