कडेचा पांढरा पट्टा

मी फाटकापासून घराच्या पायरीपर्यंतची डांबरी वाट बोलतेय. लांबी तेवीस पावलं, रुंदी एक गाडी आणि बाजूने एक माणूस जाईल एवढी. लोक माझ्यावरून जातात, माझ्याशी कुणी बोलत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. मला जे वाटतं ते वेगळंच आहे. मला सगळं ठाऊक होतं आणि सांगायला तोंड नव्हतं.

आधी जन्माचं सांगते. माझ्या जागी पूर्वी नुसती माती होती. घरची बाई कपडे शिवते. पुढच्या खोलीत, खिडकीला लागून तिचं मशीन. पावसात गिऱ्हाईक चिखलाचे पाय घेऊन आत यायचं. एकदा लग्नाच्या पांढऱ्या झग्याला तो चिखल लागला. तीन वेळा धुतला तरी डाग निघेना. बाईने रात्रंदिवस बसून नवा झगा शिवून दिला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, एक तर वाट बांधा, नाहीतर मला दुसरं घर बघा."

नवरा बस ड्रायव्हर होता, तेव्हा नुकताच निवृत्त झालेला. चौतीस वर्षं बस चालवली, कुणाला साधं खरचटलं नाही. सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते. त्यांना सिमेंटची वाट हवी होती. बाई म्हणाली, "सिमेंटला तडा गेला की तो जन्मभर तोंड वासून बसतो. ठोकळे बसवले तर फटीतलं गवत उपटायला मीच. डांबर करा, बुजवता तरी येतं."

मुकादम आला, त्याने जागा मोजली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, डांबराची देखभाल करावी लागते हं."

"यांची पस्तीस वर्षं करतेय. डांबराची नाही होणार?"

मग खणणं झालं. खाली मोठी खडी, वर बारीक खडी, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर. बाई खुर्ची टाकून राखणीला बसली. रोलर थांबला की म्हणायची, "अजून एकदा." शेवटी रोलरवाला वैतागला, "ताई, आता खाली पीठ होईल दगडाचं." तिचं दुसरं म्हणणं उताराचं. पाण्याचा थेंबही घराकडे यायला नको, सगळं फाटकाकडे गेलं पाहिजे. मुकादम म्हणाला, गाडीच्या मानाने उतार जास्त होतोय. ड्रायव्हरसाहेब हसले. "घाटात बस चालवलीय मी. ही वाट म्हणजे काय!"

चौथ्या दिवशी ट्रकमधून वाफाळतं डांबर पडलं आणि मी जन्मले. काळी, तुकतुकीत, कोपऱ्या-कोपऱ्यात दाबून बसवलेली. जाताना मुकादमाने बजावलं, "तीन दिवस गाडी आणायची नाही. बारीक भेग दिसली की लगेच भरून घ्या. दोन-तीन वर्षांनी वरून पातळ डांबराचा हात मारा. आणि तेल सांडलं तर ताबडतोब धुवा. डांबर तेलाच्याच घराण्यातलं, तेलानेच विरघळतं."

ते शेवटचं वाक्य बाईने मनाशी गाठ मारून ठेवलं. मुकादमाचं काही चुकलं नव्हतं, ते खरंच होतं. पण त्याच वाक्याने पुढे घात केला.

ड्रायव्हरसाहेबांना गाडी नेहमी उलटी वर आणायची सवय. बसच्या डेपोतली शिस्त. निघताना तोंड रस्त्याकडे पाहिजे. त्यांच्या सोयीसाठी बाईने माझ्या डाव्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला. मागचं डावं चाक बरोबर त्या पट्ट्यावर येऊन थांबायचं, एक बोट इकडेतिकडे नाही.

आमची पाच वर्षं छान गेली. बाईने माझी एक भेग शिळी होऊ दिली नाही. मध्ये एकदा गाडीतून इंजिन ऑइल गळलं, माझा वीतभर तुकडा मऊ पडला. तेव्हा बाईने जे तोंड सोडलं ते समोरच्या वहिनींनी दार बंद करूनही ऐकलं. ड्रायव्हरसाहेब दुखावले. "चौतीस वर्षं बस सांभाळली, आता तू मला गाडी शिकव." त्याच दिवशी गाडी दुरुस्त करून आणली, पण दोन दिवस बाईशी बोलले नाहीत. तेव्हापासून बाईने ठरवलं, डागावरून बोलायचं नाही. दिसला की पावडर टाकायची, घासायचं, पाणी ओतायचं, विषय संपला.

या उन्हाळ्यात नवा डाग आला, मागच्या डाव्या चाकाखाली, पट्ट्यावर. रुपयाएवढा. पातळ, पिवळसर, निसरडा. मला पहिल्याच दिवशी कळलं की हे इंजिनचं तेल नाही. त्या तेलाने मी विरघळते. याने माझं काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते वरच्या रंगाचं. पांढरा रंग फुगला आणि पापुद्रा होऊन निघाला.

बाई रोज सकाळी डाग घासायची आणि रंगवाल्याच्या नावाने बोटं मोडायची. "मेल्याने रंगात पाणी घातलंय." चार वेळा तिने तेवढीच जागा रंगवली. चारही वेळा रंग गेला.

आणि इकडे ड्रायव्हरसाहेब. गाडीत बसले की काच खाली असायची, मला सगळं ऐकू यायचं. ब्रेक दाबायचे, पुन्हा दाबायचे आणि स्वतःशीच बोलायचे, "आज अजून खाली गेलं की रे पेडल. दोनदा दाबलं की येतंय म्हणा. दाखवू पुढच्या आठवड्यात." बाईला सांगायचे नाहीत. मुलगी फोनवर सारखी म्हणायची, बाबा आता गाडी पुरे. ब्रेकचं नाव काढलं तर मायलेकी मिळून किल्ली काढून घेतील, ही भीती.

म्हणजे बघा, डाग बाईला ठाऊक, पेडल यांना ठाऊक. एका ताटात जेवणारी दोन माणसं. अर्धं-अर्धं पोटात घेऊन बसली होती आणि अख्खं फक्त मला माहीत होतं. मी काय करणार? त्या चाकाखाली मला मोठी भेग पडू दे, म्हणजे कुणीतरी खाली वाकून बघेल, एवढंच मी मागत राहिले. भेग पडली नाही. मुकादमाने काम चोख केलं होतं. रोलर अजून एकदा, अजून एकदा फिरला होता ना.

त्या सकाळी शिवलेले कपडे पोचवायला दोघं निघाली होती. बाईने डाग धुतला, हात पुसले, गाठोडं घेतलं आणि उतरून फाटक उघडायला गेली. ड्रायव्हरसाहेबांनी गाडी सुरू केली आणि नेहमीसारखी गियर न टाकता उतारावर सोडली. पाचव्या-सहाव्या पावलाला ब्रेक दाबला. मी खालून बघत होते, चाकाला काहीसुद्धा लागलं नाही. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. हँडब्रेक ओढल्याचा कर्रकन आवाज आला. तोही धरला नाही. चाकाच्या आत सगळं त्या गळक्या तेलाने भिजलेलं होतं.

बाई फाटकाच्या मधोमध, पाठमोरी. कडी अडकली होती ती सोडवत होती.

त्यांनी हॉर्न दाबला आणि सगळं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी फाटकाच्या खांबावर गेली. बाईच्या हातातलं गाठोडं पडलं, एवढंच. तिला चाक शिवलं नाही. त्यांचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला.

गाडी तिसऱ्या दिवशी भंगारात गेली. ब्रेक कुणी तपासले नाहीत. कशाला तपासतील, उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "वय झालं की पाय भलतीकडे पडतो. बाई, थोडक्यात वाचलात, यांनी मारलंच होतं तुम्हाला." मुलगी आली, तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चाक घासल्याची एक खूण नाही, बाबा. तुम्ही ब्रेक दाबलाच नाही."

"दाबला होता गं," ते म्हणाले.

आठवड्याने म्हणाले, "दाबला असं वाटलं असेल."

महिन्याने म्हणाले, "चुकला असेल पाय."

मी पडल्या-पडल्या ओरडत होते. पण वाटेचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? पुरावा रोज सकाळी साबणाच्या पाण्याबरोबर फाटकाबाहेर वाहून गेला होता. आणि तो वाहून जावा असा उतारसुद्धा मलाच दिलेला.

ड्रायव्हरसाहेब वॉकर घेऊन खिडकीशी बसू लागले. पण गिऱ्हाईक आलं की आत जायचे. कुणी "काय ड्रायव्हरसाहेब" म्हटलं की मान फिरवायचे. पायरी उतरून माझ्यावर एकदाही आले नाहीत. मुलीने परस्पर ठरवलं, ही उताराची वाट उखडायची आणि पायऱ्या करून कठडा लावायचा. चूक कुणाच्या तरी माथ्यावर हवी असते, माझा माथा आयता.

परवा बाई रंगाचा डबा घेऊन आली. वाट उखडायची तर उखडा, पण तोवर कळकट दिसायला नको, असा तिचा स्वभाव. पट्ट्यावर ब्रश मारत मारत वर सरकली आणि त्या जागेपाशी थांबली. सगळा पट्टा धड, तेवढीच बोटभर जागा उघडी. गाडी जाऊन दीड महिना झाला होता. बाकी रंग तोच, त्याच डब्यातला, आणि कुठेही निघालेला नाही.

बाई उकिडवी बसून बघत राहिली. मी जीव मुठीत धरला. मग तिने तिथूनच खिडकीकडे आवाज दिला, "अहो, रंग खातं असं कुठलं तेल असतं का?"

ते आतून सहज बोलून गेले. "ब्रेक ऑइल. बसला एक थेंब लागला तरी रंग जाऊन पत्रा उघडा पडायचा."

मग आत खुर्ची सरकली.

वॉकरचे पाय वाजले. एक पायरी, दुसरी पायरी. ड्रायव्हरसाहेब माझ्यावर उतरले आणि त्या जागेपाशी येऊन उभे राहिले.

"किती दिवस गळत होतं?"

"उन्हाळाभर. रोज धूत होते मी."

"मला बोलली नाहीस."

"बोलले की तुम्ही फुगता."

त्यांनी वॉकरच्या पायाने ती उघडी जागा चाचपली. मग म्हणाले, "पेडल खाली जात होतं. मीही नाही बोललो."

बाईच्या हातातल्या ब्रशमधून रंग ठिबकत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर काहीतरी सांडत होतं आणि तिचं लक्ष नव्हतं. "तुमचा पाय नाही चुकला," ती म्हणाली. "तो मोडून घेतलात म्हणून मी इथे बसलेय."

त्यांनी वॉकरवरचा एक हात काढून तिच्या डोक्यावर टेकवला आणि तसाच ठेवला.

संध्याकाळी बाईने समोरच्या वहिनींना हाक मारली. "इकडे या. वाका. अजून वाका. दिसलं? आता गल्लीत जे सांगितलंत ते परत जाऊन सांगा, या वेळी खरं." वहिनी वाकल्या. मुलगी आल्यावर तिलाही वाकायला लावलं.

पण पाय काही पुन्हा वाकणार नाही, गाडी काही ते पुन्हा चालवणार नाहीत. आणि मीही राहणार नाही. त्या पायाला उतार झेपत नाही, हे खरंच आहे. सोमवारी मुकादम येतोय. बाईने मला राखलं म्हणून मी इतकी वर्षं टिकले, तिच्यावर माझा राग नाही. जाताजाता तुम्हाला एवढंच सांगते. डाग धुवा, जरूर धुवा. पण धुण्याआधी खाली वाकून बघा तो कुठून आला, आणि घरातल्या माणसाला विचारा, फुगलं तरी विचारा. आम्ही खाली पडलेल्यांनी कितीही ओरडून सांगितलं तरी ते वर पोचत नाही.

पट्टा बाईने पुरा रंगवला. ती बोटभर जागा सोडून.