मधलं रान

बाई माणूस महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला गेली, तर मागे राहिलेल्याने घर राखायचं असतं, घरापुढे नवं गाव वसवायचं नसतं. पण हे तिच्या लेकाला कोण सांगणार? म्हातारी बसमधून उतरली आणि वस्तीच्या तोंडाशीच कपाळाला हात लावून बघत राहिली. जिथे आजवर नुसतं आभाळ टेकलेलं दिसायचं, तिथे पत्र्याची छपरं चमकत होती. एक नाही, दोन नाही, अख्खी रांग. शेवटच्या गोठ्यापासून निघालेली आणि शहराकडे तोंड करून चाललेली, जशी काही तिकडे जेवायला बोलावलीय.

वस्तीच्या समितीचा अध्यक्ष झाल्यापासून लेकाची विचारायची सवयच गेली होती. तो आता फक्त सांगायचा, तेही घरातल्या घरात माइकसमोर उभं राहिल्यासारखा. म्हातारीने त्याचं नाव नगरशेठ ठेवलं होतं. आधी ती एकटी म्हणायची, मग सून म्हणायला लागली, मग गोठ्यातले गडी पाठीमागे म्हणायला लागले. त्याला मात्र ते नाव आवडत होतं, हे तिचं दुखणं.

शहर आणि वस्ती यांच्या मधल्या रानात खुंटी ठोकायची नाही, हा तिचा नियम वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. त्यामागे कारण होतं. या घराचं दूध शहर तीन पिढ्या प्यायलं आणि त्याच शहराने या घराला दोनदा हाकलून लावलं. शहराच्या हद्दीत गुरं ठेवायची नाहीत, असा कायदा. गुरं हलत नव्हती, हद्द हलत होती. कुणाच्या तरी टेबलावर एक रेघ पुढे सरकायची आणि इकडे दावणी सुटायच्या. पहिल्यांदा सासऱ्यांनी गुरं काढली. तिथे आता बँक उभी आहे. दुसऱ्यांदा नवऱ्याने काढली, भर वाहतुकीतून. त्यात एक गाभण गाय ट्रकखाली गेली. त्यानंतर नवरा जेवताना बोलायचा बंद झाला आणि मग एके दिवशी जेवायचाच बंद झाला. तेव्हा म्हातारीने तिसरी जागा स्वतः शोधली. मध्ये खारट, भेगाळलेलं रान, कुसळसुद्धा न उगवणारं. लोक हसले. तिने ते रान पदरात घेतलं आणि तसंच मोकळं ठेवलं. शहर इथवर येईल तेव्हा त्याला पाय टेकायला जागा मिळता कामा नये, एवढाच तिचा हिशोब होता.

आणि आता तिच्याच पोटच्या पोराने शहरासाठी पायऱ्या बांधल्या होत्या.

त्या दिवशी तिने त्याला असा काही फैलावर घेतला की गोठ्यात धारा काढणाऱ्यांचे हात थांबले. पण नगरशेठही तिचाच मुलगा. सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि समजावून सांगायला बसला. कागदावर आपण काहीच नाही, म्हणाला. गावही नाही, शहरही नाही, नुसती इतर वस्ती. ज्याला नाव नाही त्याला कुणीही गिळावं. पण यंदा शिरगणती आहे. पाच हजार माणसं भरली आणि वस्ती शहरापासून सुटी असली, तर आपलं आपण नगर. आपली सभा, आपले कायदे. गुरं ठेवायची की नाही ते आपण ठरवायचं, कायमचं. थोडी माणसं कमी पडत होती. शहरात इमारती बांधणारे गवंडी त्या इमारतींच्याच सांगाड्याखाली झोपत होते. त्यांना बायकापोरांसकट इथे आणलं, भाडं नको म्हटलं. त्यांना छप्पर, आपल्याला डोकी.

म्हातारी तांब्यातलं पाणी प्यायली. तिला पटलं. नुसतं पटलं नाही, तर पोर बापापेक्षा चार पावलं पुढे गेलं असं वाटून ती मनातून सुखावली. तेच पुढे तिला जास्त झोंबलं.

शिरगणतीवाली बाई शाळेत शिकवणारी होती. हातात छत्री, चपलेत सुजलेले पाय, खांद्याला पिशवी. चार दिवस ती वस्तीत दारोदार फिरत होती आणि शेवटच्या दिवशी दुपारी म्हातारीच्या ओट्यावर येऊन बसली. सुनेने चहा आणला. नगरशेठ खांबाला टेकून उभा होता, पण टेकलेला दिसत नव्हता. शेवटी त्याने विचारलंच. बाई म्हणाली, आकडा सांगायची मुभा नाही, पण पाच हजार तुम्ही ओलांडलेत. जेमतेम, डझनभर माणसं वर.

नगरशेठने मिशीवरून हात फिरवला. सून हसली. म्हातारी हसली नाही, कारण बाई बशी खाली ठेवताना रानाकडे बघत होती आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"काय झालं?" म्हातारीने विचारलं.

"तुम्हाला वेगळं नगर हवंय ना?" बाई म्हणाली. "मग त्या खोल्या तिथे कशाला बांधल्यात? शहराचं शेवटचं घर आणि तुमचं पहिलं घर यात दोनशे मीटर मोकळे लागतात. कमी भरले तर दोन्ही एकच धरतात. मग तुम्ही शहराचा वाढलेला भाग ठरता. मोजणीदार आजच निघालाय, तो बघा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रानाच्या पलीकडे, शहराच्या शेवटच्या भिंतीपाशी, दोन माणसं होती. एकाच्या हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा बांबू होता. तो बांबू उभा राहिला, थांबला, उचलला गेला.

नगरशेठच्या तोंडचं पाणी पळालं. हा नियम आपल्याला कुणी सांगितला नाही, म्हणाला. बाईने छत्री मिटत सांगितलं की तो पाच हजारांच्या नियमाच्याच खाली छापलेला आहे. वाचता वाचता तुम्ही पाच हजारांवर थांबला असाल.

म्हातारीला वाटलं, कुणीतरी पाठीत गुद्दा घातला. रागवायला वेळ नव्हता. तिने एवढंच विचारलं की किती खोल्या गेल्या म्हणजे जागा सुटी होईल. बाईने डोळे बारीक करून अंदाज घेतला. शेवटच्या चार, फार तर. पण म्हणाली, एक लक्षात घ्या. अंधार पडायच्या आत मी पुन्हा एक फेरी मारणार आहे. त्या चार खोल्यांतली माणसं इथेच राहिलेली दिसली तर धरीन. निघून गेली असतील तर खोडावी लागतील. आणि चार खोल्यांत डझनापेक्षा बरीच जास्त माणसं आहेत.

खोल्या राहिल्या तर शहर आत. माणसं गेली तर नगर हातचं गेलं. दोन्हीकडे गुरांच्या दावणी सुटणार.

नगरशेठ गोठ्याकडे धावला. गड्यांना हाका मारल्या, पहारी काढायला लावल्या आणि पाचसहा जणांना घेऊन रानात निघालासुद्धा. माणसांना तूर्त गोठ्यात घालू, असं जाता जाता ओरडून गेला. म्हातारी काठी घेऊन मागोमाग निघाली. तिचे गुडघे एरवी देवळाच्या पायरीलाही कुरकुरायचे, आज मुकाट्याने चालले.

ती पोचली तोवर काम सुरू झालं होतं, पण गड्यांचं नाही. पहारी बघूनच शेवटच्या खोलीतली गवंड्याची बायको उठली होती. नवरा शहरात कामावर. तिने कुणाला काही विचारलं नाही. आधी दाराचा पडदा सोडला. त्याच पडद्यात कपडे बांधले. चुलीवरचं पातेलं उतरवलं, त्यातलं अन्न तसंच ठेवून वर झाकण बांधलं. पोर झोळीतून काढून पाठीशी घेतलं. कुठली वस्तू कुठल्या वस्तूत जाते हे तिच्या हातांना पाठ होतं. म्हातारीला ते हात ओळखीचे वाटले. दुसऱ्या खेपेला गुरं निघाली तेव्हा तिनेही असंच, न बघता, बांधलं होतं.

बाकीच्या तीन खोल्यांच्या दारात बायका उभ्या होत्या. त्यांचे डोळे गवंड्याच्या बायकोवर. ती जाईल तिकडे त्या जाणार, हे उघड होतं. आणि ती शहराकडे तोंड करून उभी होती.

नगरशेठने तिला गोठ्यात चला म्हणून सांगितलं. तिने ऐकलं नाही. मग त्याने विनवलं. तिने पातेलं डोक्यावर घेतलं. मग तो चिडून म्हणाला की फुकट राहिलात महिनाभर, एक रात्र गोठ्यात काढली तर काय झिजाल. त्यावर तिने चालायला सुरुवात केली. पलीकडे लाल-पांढरा बांबू रानातल्या नाल्याच्या अलीकडे आला होता. मोजणीदाराच्या टोपीचा रंग आता दिसायला लागला होता.

म्हातारीने उभ्या जन्मात कुणाला थांब म्हणून विनवलं नव्हतं. सासऱ्याला नाही, नवऱ्याला नाही. तिने काठी लेकाच्या अंगावर टाकली आणि त्या पोरीच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"बाई, जाऊ नकोस," ती म्हणाली.

गवंड्याची बायको थांबली. "तुमच्या मुलाने आणताना सांगितलं, हवं तितकं राहा. आता म्हणतो गोठ्यात चला. उद्या गोठ्यातून कुठे?"

"खरं सांगू? तुझी दया आली म्हणून नाही आले मी. तू गेलीस तर माणसं कमी भरतात, आणि खोली राहिली तर शहर आत येतं. दोन्हीत माझी गुरं जातात. मला तू हवी आहेस, पण इथे नकोस. म्हणून आले."

ती पोरगी तिच्याकडे बघत राहिली. पाठीवरचं मूल कुरकुरलं, तिने न वळता त्याला थोपटलं. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"हे आधी म्हणायचं होतं," ती म्हणाली. "गोठ्यात नाही येणार. पक्की खोली पाहिजे, आतून कडी असलेली. चौघींना. आणि काढणार नाही, हे तुम्ही बोलायचं. यांनी नाही. सगळ्यांच्या समोर."

म्हातारीने मोजणीदाराकडे पाहिलं, मग आपल्या घराकडे. पक्क्या भिंतींच्या खोल्या म्हटलं तर घरात एक समितीची होती, नवा रंग दिलेली, खुर्च्या आणि माइक असलेली. दुसरी पेंडीची. मग पाहुण्यांची, आणि शेवटी तिची स्वतःची. तिने काठीशिवाय जमेल तेवढं ताठ उभं राहून, गड्यांना आणि बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात चारही खोल्या बोलून टाकल्या. तू समितीच्या खोलीत, म्हणाली. मी जिवंत आहे तोवर तुम्हाला कुणी काढणार नाही, आणि मी गेल्यावर काढायला कुणी आलं तर माझी सून त्याला बघून घेईल. नगरशेठ काहीतरी बोलायला गेला. सुनेने, जी केव्हाच येऊन मागे उभी राहिली होती, त्याच्या हातात पत्र्याची एक कड दिली आणि धर म्हणून सांगितलं.

मग जे काम झालं ते बघण्यासारखं होतं. पत्रे उन्हाने असे तापलेले की पदर गुंडाळल्याशिवाय हात लागेना. गडी पहारी घालून वाकवायला गेले, तर गवंड्याच्या बायकोने मूल सुनेकडे दिलं आणि कुठला बोल्ट आधी सोडायचा ते दाखवायला लागली. तिनेच तर ते बसवले होते. एक छप्पर उतरलं, दुसरं उतरलं. खांब हलवून हलवून उपटले. शिरगणतीवाली बाई छत्री उघडून पाठमोरी उभी राहिली होती. आपलं काम माणसं मोजायचं, पत्रे नाही, असं कुणी न विचारताच म्हणाली. शेवटचा पत्रा डोक्यांवरून गोठ्याआड गेला तेव्हा मोजणीदार ओरडला तर ऐकू येईल इतका जवळ होता.

तो आला. घाम पुसला, पाणी मागितलं, प्यायला. मग त्याने जमिनीकडे पाहिलं. उपटलेल्या खांबांचे खड्डे ताजे होते, कडेची माती अजून ओली. त्याने बांबूचं टोक एका खड्ड्यात घातलं. ते चांगलं हातभर आत गेलं.

"इथे काही होतं का?"

नगरशेठने मान खाली घातली. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खोटं बोलायला म्हातारीला कधी जड गेलं नव्हतं, पण ते पचणार नाही हे तिला दिसत होतं.

"होतं," ती म्हणाली. "आता नाही."

मोजणीदाराने बांबू बाहेर काढला, टोकाची माती बोटाने पुसली. त्याने मागे शहराच्या भिंतीकडे पाहिलं, पुढे उभ्या असलेल्या पहिल्या छपराकडे पाहिलं. मग सोबत्याला टेप ताणायला सांगितलं. टेप सळसळत गेली, वाऱ्याने फुगली, पुन्हा ताणली गेली. त्याने आकडा वाचला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा मोजायला लावलं. सुनेने त्या पोरीचं मूल छातीशी आवळून धरलं होतं.

"मी उभं आहे तेच मोजतो," मोजणीदार शेवटी म्हणाला. "दोनशेच्या वर भरतंय. फार नाही, पण भरतंय." आणि लिहून घेतलं.

संध्याकाळी शिरगणतीवाली बाई पुन्हा फिरली. चौघी आपापल्या खोलीत चूल पेटवून बसलेल्या तिने पाहिल्या, पेन पिशवीत टाकलं आणि बस पकडायला निघून गेली. समितीच्या खोलीच्या दाराला आतून कडी लागली. तो आवाज अंगणात सगळ्यांनी ऐकला.

नगरशेठचा रंग तोवर परत आला होता. कुस्ती जिंकून आल्यासारखा तो ओट्यावर आला, आईच्या पायाशी बसला. नगर झाल्यातच जमा आहे, म्हणाला. उद्या वस्ती गोळा करतो, चार शब्द बोलतो, पहिल्या निवडणुकीची तयारी आतापासून करायला हवी. माइक कुठे ठेवलाय?

म्हातारीने पाय आखडून घेतले.

"माइकवर त्या पोरीने लंगोट वाळत घातलेत, हात लावू नकोस. आणि ऐक. तुझी बुद्धी वाईट नाही, गुरांसाठीच केलंस तू हे, मला कळतं. पण माणसं आणलीस आकडा भरायला, आणि आकडा नडला तेव्हा पहारी घेऊन निघालास. शहराने आपलं दोनदा हेच केलं. नगर होऊ दे, चांगलं आहे. पण त्याच्या खुर्चीला तू उभा राहिलास, तर तुझ्याविरुद्ध पहिलं मत माझं पडेल. आणि दुसरं त्या पोरीचं. तीही आता इथलीच आहे."