काठवटीच्या फटीतलं मीठ

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी काठवट आहे. पीठ मळायची, भात कालवायची लाकडी परात. आहे म्हणते खरी, पण आता माझे दोन तुकडे झाले आहेत आणि दोन्ही या पडवीत सरपणाशेजारी पडले आहेत. शिमगा जवळ आला आहे. गावातली पोरं होळीसाठी लाकडं मागत दारोदार हिंडतात. ती इथे यायच्या आत मला तुम्हाला सगळं सांगून टाकायचं आहे, म्हणून थोडी घाई करते.

माझा जन्म टिटवाळ्याच्या रानातला. विश्राम सुताराने शिवणीचं एक जाड खोड निवडलं, आठ दिवस खपून ते कोरलं आणि खोबरेल चोळून मला कल्याणच्या बाजारात आणलं. तिथे एका माणसाने लेकीच्या लग्नात द्यायला म्हणून मला विकत घेतलं. ती लेक म्हणजे आवडाबाई. तिच्याबरोबर मी डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या या घरी आले. घरधनी काळुराम मिठागरावर राबायचा. मीठ ओढून ओढून त्याचे तळवे चिरले होते आणि तरी तो कायम हसतमुख असायचा.

माझं खरं काम पहाटेचं. काळुराम दिवसभरासाठी भाताचे गोळे घेऊन जायचा. ते करायला सोपे, पण आवडाबाईसारखे कोणालाच जमायचे नाहीत, हे मी पैजेवर सांगते. ती लाल तांदळाची पेज काढून घ्यायची नाही, भातातच आटू द्यायची. तो आसट, चिकट भात वाफ निघत असतानाच माझ्यात ओतायची आणि पळीच्या पाठीने रगडायची. मग हात गार पाण्यात बुडवून पेरूएवढे गोळे वळायची. शेवटी प्रत्येक गोळ्याच्या डोक्यावर अंगठा दाबून एक खळगा करायची आणि त्या खळग्यात चिमूटभर मीठ भरायची. उन्हात घाम गाळणारा माणूस आधी जिभेने ते मीठ टिपतो आणि मग गोळा खातो. त्यांची लेक गोदा चालायला लागली तेव्हापासून तीही तसाच गोळा खायला शिकली. खळगा नसला तर ती गोळा परत करायची.

पावसाळ्याच्या आधी माझ्यात मासे खारवले जात. असं वर्षानुवर्षं चाललं. माझ्या अंगात मीठ किती मुरत होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मी दिसायला साधी होते, पण शेजारच्या बायका आवडाबाईकडे येऊन माझ्यावरून हात फिरवत आणि अशी काठवट मिळत नाही म्हणत. तेव्हा मला फार बरं वाटायचं. गर्व झाला होता म्हणा ना.

तो उतरायला वेळ लागला नाही. एका उन्हाळ्यात माझ्या पोटाला मधोमध फट पडली. काळुरामने कल्याणहून पितळेची चकचकीत परात आणली आणि मला पडवीच्या कोपऱ्यात पालथी घालून माझ्याखाली कोंबड्या डालल्या. मित्रांनो, जिच्यात घराचं अन्न कालवलं तिच्याखाली कोंबड्या. मी दोन वर्षं त्या परातीच्या नावाने बोटं मोडली. आता वाटतं, तेवढंच दुःख असतं तर किती बरं झालं असतं.

पुढच्या माघात प्लेग आला. आधी घरात उंदीर मरून पडले आणि मग काळुरामच्या काखेत गाठ आली. चौथ्या दिवशी तो गेला. दहाव्याला पिंडांचा भात शिजवायला आवडाबाई बसली. आठ वर्षांची गोदा तिच्याजवळ बसून बघत होती. आईने गोळे वळले. वाटोळे, गुळगुळीत, वर खळगा नाही. गोदाने विचारलं, बाच्या गोळ्याला अंगठा का नाही लावला, मीठ का नाही घातलं.

आवडाबाई म्हणाली, "मेलेल्या मानसाला मीठ लागत नाय, बाय."

पोरीने मान हलवली. ते वाक्य तिने कुठे जपून ठेवलं, ते आईला कळलं नाही. मी पडवीतून ऐकत होते, मलाही कळलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गोदाला ताप भरला. सरकारी माणसं आली आणि तिला उचलून मानपाड्याच्या वाटेवरच्या माळावर नेलं. तिथे आजाऱ्यांसाठी झावळ्यांच्या झोपड्या बांधल्या होत्या. भोवती कुंपण होतं आणि आईला आत सोडत नव्हते. मागे राहिलेल्या सरकारी माणसांनी घर औषधी पाण्याने धुतलं, कौलं काढली, गोधड्या जाळल्या आणि सगळी मडकी अंगणात आपटून फोडली. त्यात मिठाचं मडकंही गेलं. जाताना त्यांनी दारावर प्लेगची खूण केली. पितळेची परात आणि एक टोप तेवढा उकळत्या पाण्यात बुडवून परत दिला. कोंबड्यांच्या घाणीत पालथ्या पडलेल्या मला कोणी हात लावला नाही.

आता खरं संकट पुढे आहे, नीट ऐका. छावणीत शिजलेलं अन्न गोदा तोंडात घेईना. सरकारी लोक जेवणातून विष घालतात, अशी आवई त्या दिवसांत गावोगाव उठली होती आणि पोरीने ती ऐकली होती. ती आईच्या हातचंच मागत होती. छावणीत झाडलोट करणारी सखुबाई आवडाबाईच्या ओळखीची होती. ती येता-जाता पुडकं नेईन म्हणाली. आवडाबाईने उरलेला तांदूळ शिजवला, परातीत रगडला आणि पाच गोळे वळले. मीठ नव्हतं. मीठच नाही तर खळगा कशाला, असं तिला वाटलं असणार. घाईत, रडत, तिने ते पाच वाटोळे गोळे केळीच्या पानात बांधून दिले.

संध्याकाळी पुडकं जसंच्या तसं परत आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सखुबाई अंगणाबाहेर उभी राहिली. मग म्हणाली, "आवडे, तुजी पोर म्हनते, आयनी माजं पिंड धाडलं. मी मेली असं समजून बसली ती. पानी पन घेत नाय."

आवडाबाईने पुडकं सोडलं. हातातला गोळा तिने उलटा केला, सुलटा केला. "मी माज्या हातानी केलं गं हे," एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिच्या गळ्यातून पुढे जो आवाज आला तो मी काळुराम गेला तेव्हाही ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिने प्रत्येक गोळ्यावर अंगठा खोल दाबून पाठवला. सखुबाईने परत येऊन सांगितलं की पोरीने खळगा बघितला, डोळे उघडले, खळग्याला जीभ लावली. अळणी लागल्यावर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. आईने खोटा अंगठा लावला, असं तिला वाटलं असेल का?

आता सगळं एका चिमटीवर आलं होतं. सखुबाईकडे मीठ नव्हतं आणि छावणीच्या स्वयंपाकाच्या झोपडीत तिच्या जातीच्या बाईला पाऊल टाकू देत नसत. गाव उठून शेतातल्या खोपटांत गेलं होतं, दुकान बंद होतं. खोपटांजवळ आवडाबाई दिसली की लोक लांबूनच परत जायला सांगत. तिने खाडीचं पाणी आणून त्यात भात शिजवला, तर त्याला चिखलाचा वास मारत होता आणि तो कडू झाला होता. स्वतःलाच उलटी झाली, मग आजारी पोरीला कसा देणार? शेवटी ती मिठागरावर गेली. नवऱ्याने जन्मभर ओढलेल्या मिठाच्या पांढऱ्या राशी तिथे उभ्या होत्या. पहाऱ्याला गोविंदा नावाचा शिपाई होता. काळुरामच्या शिदोरीतले किती गोळे त्याने खाल्ले असतील. पण मीठ सरकारचं. एक मूठ दिली तर नोकरी जाऊन तुरुंगात जाईन, असं तो म्हणाला, आणि वहिनी माझ्याकडे बघू नका, असंही म्हणाला. ती रिकाम्या हाताने परत आली.

मित्रांनो, त्या दुपारी मी काय भोगलं ते सांगता येत नाही. मला ठाऊक होतं! माझ्या फटीत मीठ होतं. वर्षानुवर्षांचं, माशांबरोबर मुरलेलं, आतल्या आत साखळलेलं. आवडाबाई माझ्यापासून दोन हातांवर बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. मी ओरडत होते, पण लाकडाला तोंड कुठे असतं? तिकडे पोर एकेक घटकेने विझत होती आणि इथे तिचं औषध कोंबड्यांवर पालथं पडलं होतं. इतकी हताश मी कधीच झाले नव्हते.

तेवढ्यात कोणाची तरी मोकाट सुटलेली शेळी पडवीत शिरली. तिने थोडं हुंगलं आणि माझी कड चाटायला लागली. आवडाबाईने तिला हाकलायला ढेकूळ उचललं. शेळी हलेना. चाटतच राहिली, अधाशासारखी. आवडाबाईचा वर गेलेला हात तसाच थांबला. मग ती रांगत आली, शेळीला बाजूला सारून तिने माझ्या कडेला स्वतःची जीभ लावली.

त्यानंतर तिने काय काय केलं, ते तुम्ही बघायला हवं होतं. कोंबड्या सोडल्या. राख घेऊन मला घासघासून घासलं, उकळतं पाणी घालून धुतलं. विळीच्या टोकाने फटीतली पांढरी पापडी उकरून काढली. जेमतेम चिमूटभर निघाली, ती पानावर जपून ठेवली. मग पेजेसकट रटरटता भात सरळ माझ्यात ओतला. माझं वाळलेलं लाकूड फुगायला लागलं. आत मुरलेलं मीठ बाहेर सुटत होतं आणि मला कळत होतं की हे मला सोसणार नाही. ती पळीने रगडत होती. फट हळूहळू काठापर्यंत गेली. शेवटचा गोळा उचलला तेव्हा मी कट्कन दुभंगले. तिने बघितलंसुद्धा नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. पाच गोळे, पाच अंगठे, प्रत्येक खळग्यात मोजके चार कण.

सखुबाई पुडकं घेऊन गेली. आवडाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. चार दिवस तिच्याही पोटात काही गेलं नव्हतं.

दिवस कलताना सखुबाई आली. तिने पान पुढे केलं. पानात एकच गोळा होता. आईच्या अंगठ्याच्या खळग्याशेजारी दुसरा एक खळगा होता, लहानसा, जेमतेम बोराएवढा. मोठ्या खळग्यातले दोन कण त्यात काढून ठेवले होते.

सखुबाई म्हणाली, "पोरीने चार खाल्ले. पाचवा तुला धाडलाय. म्हनली, आयला सांग, तू पन खा. तू जिती हायस."

आवडाबाईने आधी मीठ जिभेने टिपलं. मग गोळा खाल्ला.

गोदा सव्वा महिन्याने घरी आली. अंगात हाडं तेवढी होती, केस गळले होते, पण आली. त्याला आता दोन वर्षं झाली. घरात मिठाचं नवं मडकं आहे, आणि भाताचे गोळे आता गोदाच वळते, परातीत. बरं वळते. त्या परातीवर माझा आता राग नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही पडवीत अशा फुटक्या वस्तू असतील. त्यांच्या अंगात काय मुरलं आहे, ते टाकण्याआधी एकदा हात लावून बघा. आणि आजाऱ्यासाठी काही कराल तेव्हा, कितीही घाई असली तरी, स्वतः चव घेऊन मग पाठवा.

माझं स्वतःचं मागणं एवढंच आहे. यंदाही प्लेग आला आहे. काल पलीकडच्या आळीत उंदीर पडले, आणि आवडाबाई आज सकाळपासून गोदाचं कपाळ सारखं हाताने बघते आहे. सरकारी माणसं आली की घरातली मडकी पुन्हा फुटतील. होळीची पोरं आली तर त्यांना सांगा, ही दोन लाकडं नेऊ नका. माझ्या डाव्या तुकड्याच्या कडेला, खाली, विळी पोचली नव्हती तिथे, अजून चिमूटभर आहे.