एकाच मापाच्या दोघी

माप घ्यायला तुम्हा दुकानदारांना टेप लागतच नाही. एखादी भरल्या अंगाची बाई दुकानात शिरली की तुमची नजर तिच्या कमरेभोवती फेरी मारून येते आणि मग तुम्ही तोंड उघडता. "तुमच्या मापाचं नाही हो आमच्याकडे काही!" हे एवढ्या मोठ्याने का सांगता? ती बाई जाड असते, बहिरी नसते. तुम्ही एक वाक्य फेकता आणि गल्ल्याकडे वळता. ते वाक्य ती घरी घेऊन जाते आणि पुढे कित्येक वर्षं अंगावर वागवते.

मी बोलतोय. मला डोकं नाही, हात नाहीत, तोंडाचा तर प्रश्नच नाही. तरी बोलतोय, कारण ज्यांना तोंड आहे त्या दोघी बहिणी गप्प बसल्या आहेत. मी शिवणाच्या दुकानातला पुतळा. मान, खांदे, छाती, कंबर आणि खाली एक लोखंडी पाय, एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यातून झाला. माझ्यासारखे कितीतरी एका रांगेत उभे होते, सगळ्यांची कंबर सारखी. ती कंबर कुणी ठरवली कोण जाणे. पुढे आयुष्यभर मी बायकाच बघितल्या, पण त्या कंबरेची बाई मला क्वचितच दिसली.

मला विकत घेतलं ते थोरलीनं. दोन खोल्यांची जागा, पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, मागच्या खोलीत घर. तिनं मला दारातून आत आणलं, तेव्हा काज-बटणं करायला येणारी मावशी कोपऱ्यात बसली होती. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत ती म्हणाली, "हा कुठून उपाशी धरून आणलास?"

थोरली खळखळून हसली. अंगानं चांगली ऐसपैस होती ती. हसली की खांद्यापासून पोटापर्यंत सगळी हसायची. "थांब मावशी, याला जेवायला घालते," म्हणाली, आणि खरंच कामाला लागली. जुन्या रजईतला कापूस काढला, ब्लँकेटच्या पट्ट्या फाडल्या आणि माझ्या अंगावर थर चढवत गेली. मध्येच स्वतःच्या कमरेला हात लावायची, मग माझ्या. स्वतःच्या दंडाला, मग माझ्या खांद्याला. शेवटी वरून जाड अस्तर घट्ट शिवलं. मी तिच्या मापाचा झालो. माझा खरा जन्म मी तोच धरतो.

पण ही मेहनत तिनं स्वतःसाठी केली नव्हती. ती होती छोटीसाठी.

छोटी म्हणजे तिची धाकटी बहीण. नाव छोटी, अंगानं थोरलीची हुबेहूब नक्कल. आई लवकर गेली, तेव्हापासून थोरलीनंच तिला वाढवलेलं. शाळेत असताना गणवेश शिवायला छोटी एका शिंप्याकडे गेली होती. त्यानं तिच्याभोवती टेप टाकला, आकडा मोठ्यानं वाचला आणि मागच्या माणसाला ओरडून विचारलं, "एवढं कापड आहे का रे?" दुकान भरलेलं होतं. वर्गातल्या दोन मुलीही होत्या. सगळे हसले. त्या दिवसापासून छोटीनं कुणाला अंगाला टेप लावू दिला नाही, बहिणीलाही नाही. टेप दिसला की तिचा चेहरा पडायचा.

म्हणून थोरली शिवण शिकली आणि म्हणून मी आलो. दोघींचं माप एकच. कपडा थोरलीच्या अंगावर बसला की माझ्यावर बसायचा, माझ्यावर बसला की छोटीला बसायचा. छोटीला नुसतं येऊन घालून बघायचं असे. आकड्याचं नाव निघत नसे.

छोटी मोठी होऊन शाळेत शिकवायला लागली. शाळेजवळच खोली घेऊन राहायची, पण दर सुट्टीला सकाळीच हजर. आली की आधी मला मिठी मारायची. "काय म्हणतोय आमचा तिसरा भाऊ?"

"पहिले दोन कुठायत?" थोरली आतून ओरडायची.

"आपण दोघी काय कमी आहोत का दोन भावांना?"

मग दोघी एका ताटात जेवायच्या. शेवटचा घास कुणाचा यावरून भांडण, मग तो अर्धा-अर्धा. जेवून दोघी जमिनीवर आडव्या व्हायच्या आणि गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. पोटं धरून हसायच्या. माझ्यात जीव असेल तर तो त्या दुपारींनी घातला.

मग थोरलीचे गुडघे बोलायला लागले. मशीनवरून उठताना ती माझा आधार घ्यायची. झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा. एकदा दुपारी तो इतका थांबला की मावशीनं सुई टाकून तिला गदागदा हलवलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं, पोटाची शस्त्रक्रिया करून जठर लहान करू, वजन उतरेल, नाहीतर हृदयाचं काही खरं नाही.

छोटीला तिनं हे माझ्याच समोर सांगितलं.

"पोट कापून घेणार तू?"

"कापून नाही गं. लहान करून."

"पोट काय कापड आहे, लहान करून शिवायला?"

"माझ्याच धंद्यातलं काम आहे. म्हणून तर भीती वाटत नाही."

"मला वाटते," छोटी म्हणाली. मग हळूच, "ताई, बारीक झालीस की मला ओळख देशील ना?"

"मूर्ख आहेस," थोरली म्हणाली आणि तिच्या तोंडात घास कोंबला. "तुझे कपडे मीच शिवणार. मरेपर्यंत."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. थोरली घरी आली ती अगदी हळू चालत. पाण्याचा एक घोट, मग थांबायचं. मग दुसरा. पुढे पातळ, मग कुस्करलेलं, ते चमच्याचमच्यानं. घाई केली की सगळं उलटून पडायचं. भूक गेली होती, पण खाण्याची आठवण गेली नव्हती. शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की ती शिवता शिवता थांबायची. केस गळायला लागले. दोऱ्याबरोबर तिचे केसही माझ्या खांद्यावर सापडायचे. चांगल्या उन्हात तिला थंडी वाजायची.

तिच्याबरोबर मीही उतरत होतो. तिचे कपडे ढगळ झाले की ती माझं अस्तर उसवायची, एक थर काढायची, पुन्हा शिवायची. पण आमच्यात एक फरक होता. माझा थर निघाला की मी गुळगुळीत. तिचं तसं नव्हतं. दंडाखाली, पोटावर कातडी लोंबत राहिली. दार लावून ती आरशापुढे उभी राहायची आणि ती कातडी मुठीत धरून बघायची. रडायची नाही. शिंपीण होती ना, जास्तीचं कापड कुठून कापायचं याचा विचार करत असावी.

आणि तुम्ही! तुम्ही टाळ्या वाजवल्या. "अगंबाई, ओळखूच आला नाहीत! किती सुंदर दिसताय!" म्हणजे आधी ती काय दिसत होती? ज्या शेजाऱ्यांनी तिला वर्षानुवर्षं चहा विचारला नव्हता, ते आता खुर्ची पुढे करायला लागले. तिचा श्वास आता थांबत नाही, ती जिना न थांबता चढते, याचा आनंद कुणी केला नाही. केला फक्त कमरेचा. आणि छोटी शेजारी बसलेली असली की तिच्याकडे वळून, अगदी प्रेमानं, "मग? आता तुमचा नंबर कधी?"

छोटीला काही झालं नव्हतं. गुडघे ठणठणीत, श्वास ठणठणीत. ती हसून म्हणायची, "मी दोन पोटं सांभाळते, माझं आणि ताईचं." लोक हसायचे. थोरली हसायची नाही.

सुट्टीचं जेवण बदललं. थोरलीपुढे एक वाटी, छोटीपुढे ताट.

"जेव ना गं."

"तू बघत बसणार आणि मी खाणार?"

"मी नाही बघत. बघ, तोंड फिरवलं."

"राहू दे ताई. भूक नाही."

छोटी उशिरा यायला लागली. मग एखादी सुट्टी चुकवायला लागली.

आणि मग शाळेच्या संमेलनाचं निवेदन छोटीला मिळालं. भरल्या सभागृहासमोर, दिव्यांच्या उजेडात, सगळा वेळ ती उभी राहणार होती. इतकी वर्षं ती कायम पडद्यामागे असायची. धावत आली सांगायला. "ताई, निळा ड्रेस शिव. गडद निळा. मला लपायचं नाहीये."

थोरलीचा आनंद गगनात मावेना. शस्त्रक्रियेनंतर छोटीसाठी तिनं काही शिवलं नव्हतं, हा पहिलाच ड्रेस. कापड आणलं, माझ्यावर टाकलं, टाचण्या लावल्या, कापलं, शिवलं. गळ्याला बारीक भरतकाम केलं. माझ्यावर तो असा बसला की मावशीही "वा" म्हणाली.

मी ओरडत होतो. तुम्हाला ऐकू येत नाही, तिलाही आलं नाही. माझ्या अंगावर तेव्हा निम्मेही थर उरले नव्हते.

तुम्ही म्हणाल, एवढी कसबी बाई, तिला दिसलं नाही? नाही दिसलं. तिला स्वतःचंच दिसत नव्हतं. मधल्या दारातून जाताना ती अजून आडवी होऊन जायची. खुर्चीवर बसण्याआधी ती मोडेल का हे हातानं दाबून बघायची. अंग उतरलं होतं, मन उतरलं नव्हतं. मनातून ती अजून छोटीएवढीच होती. पुतळा म्हणजे मी, आणि मी म्हणजे छोटी, हे तिच्या हातांत इतकं मुरलं होतं की त्याच्यावर शंका घ्यायची तिला गरजच वाटली नाही.

संमेलनाच्या सकाळी मावशी तो ड्रेस छोटीच्या खोलीवर देऊन आली. छोटीनं तो घालून बघितला नाही. ताईचा कपडा आणि बसणार नाही? तशीच घडी शाळेत घेऊन गेली.

तो दंडातच अडकला. दोघीतिघी शिक्षिका धावल्या. कुणी बाजूची शिवण उसवली, आत दुमडून ठेवलेली जास्तीच्या कापडाची सगळी माया मोकळी केली, तरी अंगात जाईना. पडद्यापलीकडे लोक जमले होते. कोणीतरी दबक्या आवाजात हसलं. निवेदन दुसरीनं केलं.

दुसऱ्या दिवशी छोटी दुकानात आली. ड्रेस तिनं टेबलावर ठेवला, बाजूच्या शिवणी उघड्या पडलेल्या.

"मुद्दाम केलंस?"

थोरलीनं ड्रेसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "छोटे, नाही गं. माझ्या लक्षातच..."

"लक्षात नाही? मी लक्षात नाही तुझ्या? मला वाटलं, तूही सांगतेयस. सगळे सांगतात तसंच, फक्त कापडातून."

थोरली धावली. कपाटाखालून कापसाची गाठोडी ओढून काढली. माझ्या कमरेभोवती पट्ट्या गुंडाळायला लागली. "हे बघ, आत्ता भरते. आत्ता होतो हा पहिल्यासारखा."

"हा होईल गं," छोटी म्हणाली. "तू होशील का?"

थोरलीचे हात थांबले. आणि मग तिनं जे केलं ते करायला नको होतं. काय करावं हे न कळलेल्या माणसासारखी ती टेबलाकडे वळली आणि तिनं टेप उचलला. "मला माप घेऊ दे तुझं. एकदाच. दार लावते, आकडा बोलणार नाही, लिहिणारही नाही. शपथ."

छोटीनं त्या टेपकडे पाहिलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती मागे सरली, भिंतीला टेकली, शाळकरी मुलीसारखी. मग निघून गेली.

त्यानंतर ती आलेली नाही. फोन केला की "कामात आहे ताई" म्हणते. किती सुट्ट्या गेल्या मी मोजल्या नाहीत. थोरली मोजत असेल.

थोरलीनं मला पुन्हा भरलंय. छोटीचा एक जुना झगा दुरुस्तीसाठी इथेच राहिला होता. तो माझ्यावर चढवून, तो नीट भरेपर्यंत ती कापूस कोंबत राहिली. पूर्वी ती स्वतःच्या कमरेला हात लावून माझं माप बघायची. या खेपेलाही तिचा हात सवयीनं कमरेकडे गेला आणि रिकामाच परत आला. मग तिनं माझ्या अंगाला दोन्ही हातांनी वेढा घातला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मला हात असते तर मीही घातले असते.

मी आता पहिल्यासारखाच जाडजूड उभा आहे. नवी गिऱ्हाइकं मला बघून हसतात. हसा, माझं काही जात नाही. पण तुम्हाला हात जोडून सांगतो, नाहीत तरी जोडतो. कुणी उतरलं तर टाळ्या पिटू नका, कुणी नाही उतरलं तर नंबर विचारू नका. दोन बहिणी एकमेकींना धरून उभ्या असतात. तुम्ही एकीचं कौतुक करता, तो धक्का दुसरीला बसतो.

गेल्या आठवड्यात थोरलीनं माझ्यावर तोच गडद निळा ड्रेस पुन्हा शिवला, नव्या कापडाचा. कुठल्याही समारंभासाठी नाही, असाच. मावशीच्या हाती पाठवला. मावशी परतेपर्यंत ती मशीनवर बसून होती, पायाखालची पट्टी हलत नव्हती.

मावशी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली.

"बसला का?" थोरलीनं विचारलं.

"छान बसला म्हणून सांग, असं म्हणाली ती," मावशी म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. "पण मी तुझ्याशी खोटं कशाला बोलू? खांद्यावरून उतरत होता. पोरगी जेवत नाहीये गं."