डबल बेल

आज तळ हलवायचा होता आणि टेलरबाई पाखरांच्याही आधी उठून बसल्या होत्या.

चाकांवरचं हे घर घेऊन दोघं नवराबायको निघाले, त्याला दोन ऋतू उलटले होते. दर मुक्कामाला स्टिअरिंगवर नवराच असायचा. उभा जन्म बस चालवलेला माणूस. पण परवा हे ड्रायव्हरसाहेब ओल्या पायरीवरून घसरले आणि उजवा हात प्लास्टरात गेला. लगेच लेकीचा फोन आला, "बाबा, बास झालं आता. उद्या ड्रायव्हर पाठवते. मुकाट्याने घरी या."

टेलरबाईंनी फोन काढून घेतला होता. "आधी तळ्याकाठी जाऊ दे. गाडी मी नेते. ओरखडा न येता लागली तर आम्ही पुढे जाणार. आला तर पाठव तुझा ड्रायव्हर."

लायसन्स त्यांच्याकडे होतं, पण न बेतलेल्या कापडासारखं कपाटात पडून. लहान गाडी चालवली होती. घराएवढी गाडी कधीच नाही.

आवराआवर झाली. पाण्याचा पाइप गुंडाळला, विजेची वायर काढली, गॅस बंद केला. भांड्यात भांडं, मधे फडकं. शिवणयंत्र पलंगाखाली, वर गोधडी. जिथे महिनाभर चूल पेटली, तिथे आता दाबलेल्या गवताचा एक चौकोन उरला.

गाडी निघाली. शेजारच्या सीटवर ड्रायव्हरसाहेबांचा पाय सारखा खाली दाबला जात होता.

"तिथे ब्रेक नाहीये."

"माहीत आहे मला. पाय ऐकत नाही."

"मग पायाला सांगा, बाई चालवतायत."

वळण उलगडलं, पुढचं वळण आलं, तेही उलगडलं. टेकडी मागे सरली आणि खाली अख्खं तळं उन्हात हललं. टेलरबाईंना हसू फुटलं.

काठावर एकच जागा उरली होती. दोन झाडांच्या मधोमध, तीही मागे घेत शिरायची. ड्रायव्हरसाहेब उतरून मागे गेले. एका हाताने खुणा करू लागले, त्या आरशात धड दिसेनात. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येईनात. मग ते आत आले, स्टीलची ताटली प्लास्टरातल्या हाताच्या झोळीत अडकवली, चमचा घेतला.

"एक टोला म्हणजे थांब. डबल बेल म्हणजे चल. जन्मभर कंडक्टरने मला असंच हाकलं." ते पुन्हा मागे गेले.

टण्‌टण्. टण्‌टण्. टण्.

टेलरबाईंनी ब्रेक दाबला. आरसा आणि झाडाचं खोड, मधे जेमतेम बोट शिरेल एवढी फट. मग त्यांना शिवणातला मुंढा आठवला. बाही मुंढ्यात बसवताना कापड ओढायचं नसतं; मशीनला चालू द्यायचं, बोटांनी नुसतं वळण दाखवायचं. त्यांनी गाडी पुढे घेतली, चाकं सरळ केली, बोटं सैल सोडली.

टण्‌टण्. टण्‌टण्. टण्‌टण्. घर हळूहळू मागे सरकत गेलं, झाडं दोन्ही अंगांनी बाजूला झाली.

टण्.

इंजिन बंद झालं. पाण्याचा आवाज आला. ड्रायव्हरसाहेब डावा हात पत्र्यावरून फिरवत सावकाश गाडीभोवती फिरले.

"ओरखडा?" खाली उतरायचं धाडस बाईंना होत नव्हतं.

"एक आहे."

बाईंचा चेहरा पडला.

"पण जुना आहे. आपल्या पहिल्याच मुक्कामाचा, माझा. तुला दिसू नये म्हणून त्या बाजूला कपडे वाळत घालायचो."

"म्हणून इतकं घरकाम अंगात आलं होतं होय," टेलरबाई म्हणाल्या, आणि हसता हसता खाली उतरल्या.

लेकीचा फोन वाजला. "बाबा, पाठवू ना ड्रायव्हर?"

"नको गं. इथेच मिळालाय. फार कडक आहे, मला ब्रेकसुद्धा मारू देत नाही."

टेलरबाईंनी तोवर गवतावर नकाशा पसरला होता. तळ्यापलीकडे डोंगरात शिरणाऱ्या रस्त्यावरून त्यांचं बोट शिवणीसारखं चाललं होतं. त्यांनी वर पाहिलं.

ड्रायव्हरसाहेबांनी चमचा उचलला आणि ताटलीवर दोनदा वाजवला.