बंद करून दाखव

बेव्हनने नोएलीनच्या सर्व्हरवर आणखी एक प्लास्टिकचं फूल ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"गेला बिचारा," तो म्हणाला. "पुन्हा गेला."

"मी रीस्टार्ट केलाय. अपडेट होते."

"असतात अशी माणसं. मेलेल्यालाही झोपलाय म्हणणारी."

दूध कारखान्याच्या त्या खोलीत दोन सर्व्हर शेजारी शेजारी होते आणि दोन्हींवर एकच डेटाबेस चालत होता. नोएलीनचा विंडोजवर, बेव्हनचा लिनक्सवर. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या गोठ्यांतून आलेला दुधाचा टँकर त्या डेटाबेसमधली तपासणीची नोंद बघितल्याशिवाय आत घेत नसत. हिवाळाभर दोन्ही सर्व्हरची परीक्षा चालली होती. एक राहणार होता आणि दुसरा आपल्या माणसासकट जाणार होता. पंचावन्नाव्या वर्षी या किनाऱ्यावर आपल्याला दुसरं काम मिळणार नाही हे नोएलीन जाणून होती. बेव्हनलाही ते पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही त्याला फुलं सुचत होती, म्हणून तो तिला डोळ्यांसमोर नको झाला होता.

त्याचा सर्व्हर बसवल्यापासून एकदाही बंद झाला नव्हता. ही बढाई तो दुपारी शिंपल्यांचं सारण भरलेला स्कॅलप पाय खाताना, गाडी लावताना, येता-जाता मारायचा. ती खोटी नव्हती, आणि तेच तिला जास्त झोंबायचं.

कारखान्याची मॅनेजर ट्रूडी रबरी बूट वाजवत आत आली.

"आज निकाल लावून टाकू. एकेक सर्व्हर बंद करा आणि चालू करून दाखवा."

"माझा कशाला?" बेव्हन म्हणाला. "तो बंद पडत नाही, हीच तर त्याची लायकी आहे."

"बॉयलर घेतला तेव्हा तोही बंद करून बघितला होता. इथे आलेलं प्रत्येक यंत्र दोनदा बंद होतं. पहिल्यांदा नशीबसुद्धा चालवून देतं."

नोएलीनने आपला सर्व्हर बंद केला. तो उठला. पुन्हा बंद केला, पुन्हा उठला. दर आठवड्याला तेच करायची सवय होती त्याला.

बेव्हनने बटण दाबून आपला सर्व्हर बंद केला आणि पुन्हा चालू केला. लिनक्स चालू झालं, पण डेटाबेस काही उठेना. पडद्यावर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. तेवढ्यात ट्रूडीचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली.

बेव्हन भराभर टाइप करू लागला. मानेपर्यंत लाल झाला. नोएलीनला त्याची कीव आली नाही, उलट बरंच वाटलं. पण भलत्याच जागी शोधणारा माणूस तिला बघवत नसे. सारा जन्म याच कामात गेला होता तिचा.

"डेटाबेसची डिस्क जोडलेलीच नाहीये," शेवटी ती म्हणाली. "सर्व्हर बसवलास तेव्हा हातानं कमांड देऊन जोडली असशील. चालू होताना आपोआप जोडायची ओळ फाइलमध्ये लिहायची राहिली तुझी. तेव्हापासून एकदाही बंद केला नाहीस, मग कळणार कसं?"

बेव्हनने तिच्याकडे बघितलंही नाही. डिस्क पुन्हा तशीच हातानं जोडली. डेटाबेस उठला. ती राहिलेली ओळ लिहायला तो फाइल उघडणार तोच दारात बूट वाजले आणि त्याने कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"काय झालं होतं?" ट्रूडीने विचारलं.

"किरकोळ होतं. सापडलं मला."

नोएलीन त्याच्याकडे बघत राहिली. तो पडद्याकडे बघत राहिला.

"छान," ट्रूडी म्हणाली. "आता दुसऱ्यांदा."

"दोन मिनिटं दे. एक ओळ तेवढी—"

"कसली ओळ? सापडलं म्हणालास ना?"

बेव्हनचं बोट बटणावर टेकलं आणि तिथंच राहिलं. मग त्याने मान वळवून नोएलीनकडे पाहिलं.

"दाब की," नोएलीन म्हणाली.